मॉलिक्युलर मेडिसिन शिकून मी नक्की कोण होईन?

पत्र : मॅडम, मी पुण्यात बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर परभणी जिल्ह्यात. नीट दोनदा दिली, पण सरकारी एमबीबीएसपर्यंत गुण पोचले नाहीत. माझ्या ९ वर्षांच्या मावसभावाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे त्याच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला नांदेडला न्यावं लागतं. त्याच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटतं. आता एका खासगी विद्यापीठाचा एमएस्सी मॉलिक्युलर मेडिसिनचा कोर्स सापडलाय, आजाराचं मूळ जनुकांत आणि रेणूंत शोधायला शिकवणारा. फी वर्षाला सव्वातीन लाख. एक कन्सल्टन्सीवाले म्हणतात जर्मनीला जा. बाबा म्हणतात बी.एड. कर आणि मोकळी हो. हा कोर्स केला तर मी नक्की कोण होईन? डॉक्टरच्या जवळपास तरी पोचेन का? कृपया नाव छापू नका.

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. नाही, या पदवीने तू डॉक्टर होण्याच्या जवळपासही जाणार नाहीस. एमएस्सीनंतर पीएचडी केलीस तर नावाआधी डॉक्टर लागेल, पण रुग्ण तपासता येणार नाही, औषध लिहून देता येणार नाही, एखाद्या तपासणीच्या अहवालावर वैद्यकीय मत देऊन सहीही करता येणार नाही. हे आजच कळलेलं बरं. नीटचं शल्य मनात ठेवून या विषयात आलेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहते आहे. हुशार असतात, पण प्रत्येक सेमिस्टरला स्वतःला एमबीबीएसच्या मित्रमैत्रिणींशी ताडून बघत राहतात आणि हातातलं काम त्यांना कायम दुय्यम वाटतं. तुला माणसांशी बोलायचं असेल, घराघरातल्या आजाराबद्दल त्यांना समजावून सांगायचं असेल, तर जेनेटिक कौन्सेलिंग हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि तुझ्या पत्राचा सूर बघता तो तू नीट तपासून पाहावास असं मला वाटतं. त्यात कुटुंब समोर बसलेलं असतं. मॉलिक्युलर मेडिसिनमध्ये समोर बहुतेक वेळा एक ट्यूब असते.

मग त्या ट्यूबपाशी बसून माणूस कोण होतो? तुझ्या भावाच्याच आजाराच्या घराण्यातली गोष्ट सांगते.

१९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्याच दोषाचा आजार असलेल्या बाळांच्या रक्तात जन्मल्यानंतर सुरुवातीला विळ्यासारख्या पेशी फारशा दिसतच नाहीत. बाळाच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, तेच त्याला सांभाळत असावं, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं सरकतं, म्हणजे दोष त्या रेणूतच आहे. पॉलिंग डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक एका अमिनो आम्लापर्यंत, म्हणजे प्रथिनाच्या एका मण्यापर्यंत, नेऊन पोचवला : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. तेही डॉक्टर नव्हते. मग बराच काळ गेला. २००८ च्या सुमारास हजारो लोकांच्या जनुकांची तुलना करताना बीसीएल११ए नावाचं जनुक पुढे आलं. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करण्यात त्याचा मोठा हात असतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालं. ते रक्तपेशींपुरतं निकामी केलं तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने नेमकं हेच करणाऱ्या, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रावर आधारलेल्या कॅसजेवी या उपचाराला मान्यता दिली. सिकलसेलसाठी दिलीच, शिवाय सतत रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियासाठीही दिली, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन दोन्हीकडे कामाला येतं.

वॉटसन बाईंच्या निरीक्षणापासून त्या मान्यतेपर्यंत ७५ वर्षं. या साखळीत डॉक्टर आहेत, रसायनवाले आहेत, संख्याशास्त्रवाले आहेत, आणि ज्यांची नावं कुठे छापून येत नाहीत असे शेकडो विद्यार्थी आहेत, ज्यांनी कुठल्यातरी जनुकाचा कुठलातरी तुकडा कापून पाहिला. मॉलिक्युलर मेडिसिन शिकून तू या साखळीतली एक कडी होशील. तुझ्या प्रश्नाचं याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही. आणि त्याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी. कॅसजेवीची अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे आणि तो उपचार देण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी द्यावी लागते. नांदेडच्या वॉर्डपर्यंत ते आज पोचत नाही. ते स्वस्त कसं होईल, इथे कसं करता येईल, हे प्रश्न अजून उघडे आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून कर्करोगाशी लढवणारी) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली, तीही परदेशातल्या किमतीच्या लहानशा हिश्शात. म्हणजे हे इथल्या हातांना जमतं.

आता ते हात दिवसभर काय करतात ते बघ. कारण कोर्सच्या माहितीपत्रकात डीएनएचं निळं चित्र असतं, आणि कामाचा दिवस फारच वेगळा असतो.

समजा ससूनमधून किंवा दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातून जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त आलं. बरोबर संमतीपत्राचा क्रमांक असतो, रुग्णाचं नाव नसतं. तुला त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आहेत. दुसऱ्या ट्यूबमध्ये फायकॉल नावाचं जड द्रावण घेतेस, रक्त पातळ करतेस, आणि ट्यूब तिरकी धरून पिपेटने ते रक्त फायकॉलच्या वर थेंबाथेंबाने सोडतेस. घाई केलीस तर दोन्ही थर मिसळले आणि नमुना गेला. रुग्ण पुन्हा रक्त द्यायला येणार नसतो. मग सेंट्रिफ्यूज या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ४०० जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोराने, अर्धा तास, आणि यंत्राचा ब्रेक बंद ठेवून, कारण चक्र एकदम थांबलं तर झटक्याने थर विस्कटतात. बाहेर काढल्यावर तळाशी लाल, वर पिवळसर, आणि मध्ये कागदाच्या जाडीचं धूसर पांढरं कडं. ते कडं अलगद उचलायचं. एवढं झालं की खऱ्या प्रयोगाला सुरुवात होते, आणि तोवर दुपार उलटलेली असते.

हे करताना तुला कंटाळा येतो की वेळेचं भान सुटतं, यावर तुझी पुढची सात-आठ वर्षं ठरणार आहेत. पेशी वाढवायला ठेवल्या की त्यांना दिवाळी नसते. विसर्जनाच्या दिवशी पेठांमधले रस्ते बंद असले तरी इन्क्युबेटरमधलं माध्यम, म्हणजे पेशींचं खाद्य, बदलायला कुणीतरी जावंच लागतं. कधी पेशींना मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग होतो. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळही होत नाही, सगळं छान चाललंय असं वाटत राहतं, आणि चाचणी केल्यावर कळतं की कित्येक आठवड्यांचे निष्कर्ष टाकून द्यायचे आहेत. तू मायक्रोबायॉलॉजीची आहेस, निर्जंतुक हाताने काम करायची सवय तुला बायोटेकच्या मुलांपेक्षा जास्त असणार. ही तुझी जमेची बाजू आहे, मुलाखतीत सांगायला लाजू नकोस.

म्हणून माझा आग्रह एकच आहे : पदवीचं नाव निवडू नकोस, काम निवड. आधी सहा महिने एखाद्या चांगल्या लॅबमध्ये घालव आणि मग ठरव.

पुण्यात राहून हे करता येणं हे तुझं भाग्य आहे. विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, ज्याला सगळे एनसीसीएस म्हणतात. १९८६ पासूनची ही संस्था देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते. पाषाणला आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्था शेजारी शेजारी. आयसीएमआरची राष्ट्रीय विषाणू संस्था इथलीच, १९५२ ची. आघारकर संशोधन संस्था लॉ कॉलेज रस्त्यालगत. उद्योग म्हणशील तर हडपसरला लसी बनवणारी सीरम, हिंजवडीला एमआरएनए लस बनवणारी जिनोव्हा, आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळवणारी पहिली भारतीय कंपनी मायलॅब, तीही पुण्याचीच. तू रोज पीएमपीने ज्या रस्त्यांवरून जातेस, त्यांच्या आजूबाजूला हे सगळं आहे.

त्या खासगी विद्यापीठाबद्दल. मी ते चांगलं की वाईट हे सांगणार नाही, पण साडेसहा लाख भरण्याआधी तू स्वतः तिथे जाऊन काही गोष्टी विचारायलाच हव्यात. दोन वर्षांत प्रबंधाचं काम किती महिन्यांचं आहे, आणि ते त्यांच्याच लॅबमध्ये होतं की मुलांना बाहेर जागा शोधायला सांगतात? रुग्णालयाशी करार आहे का, आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन रुग्णांच्या नमुन्यांवर आत्ता तिथे कोणतं काम चालू आहे? रुग्णालयाशिवाय मॉलिक्युलर मेडिसिन म्हणजे नुसतं मॉलिक्युलर. फ्लो सायटोमीटर हे पेशी मोजण्याचं यंत्र दाखवतील, तर तो शेवटचा कधी चालवला हे तिथल्या एमएस्सीच्या मुलीला बाजूला घेऊन विचार. आणि मागच्या दोन बॅचेस आज कुठे आहेत, हे नावानिशी सांगता आलं नाही तर मला तरी ते पुरेसं उत्तर वाटतं.

आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. प्राध्यापकी आणि संशोधनाच्या फेलोशिपसाठी जी नेट परीक्षा असते, तिला बसायला पदवीचं असं वेगळं नाव आड येत नाही. पण उद्या इथल्या एखाद्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज केलास, तर संबंधित विषयातली एमएस्सी मागतात. मॉलिक्युलर मेडिसिन हा संबंधित विषय धरायचा की नाही, यावर छाननीच्या टेबलावर तुझा अर्ज अडकू शकतो. तुझ्या घरची परिस्थिती बघता प्राध्यापकीचं दार तू स्वतःहून बंद करू नयेस. म्हणून माझी पसंती सरळ आहे. मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीची भक्कम एमएस्सी, सरकारी फीमध्ये, आणि प्रबंध मात्र रोगाशी जोडलेल्या विषयावर. विद्यापीठाच्या बायोटेक्नॉलॉजी विभागासाठी गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा आहे, केंद्र सरकारच्या मदतीवर चालणाऱ्या अशा जागांना दरमहा विद्यावेतनही असतं. मॉलिक्युलर मेडिसिन याच नावाचा ध्यास असेल तर दिल्लीच्या जेएनयूमध्ये त्याचं खास केंद्र आहे, तिथे अर्ज करून ठेव. तुझं कॉलेज नव्या शैक्षणिक धोरणाखाली संशोधनासह चौथं वर्ष देत असेल तर तेही विचारात घे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएचडीला अर्ज करता येतो.

जर्मनीचं थोडक्यात सांगते. उल्म विद्यापीठ आणि बर्लिनचं शारिटे इथले मॉलिक्युलर मेडिसिनचे कोर्स खरोखर चांगले आहेत, पण जागा मोजक्या असतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. उल्म ज्या राज्यात आहे तिथे मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास, आणि ते फक्त पहिल्या वर्षाचे. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे पदवीची कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्र बंधनकारक आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी कन्सल्टन्सी लागत नाही, सगळं स्वतः करता येतं. आत्ता कर्ज काढून जाण्यापेक्षा इथे एमएस्सी करून पुढे पगारी पीएचडीसाठी युरोपात गेलेली मुलं जास्त निवांत झोपतात. तोवर वाटलं तर बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्समुलर भवनात जर्मनची पहिली पायरी करून ठेव.

तुझ्या भावाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण त्याच्यासाठी काही करायला तुला एमएस्सीची वाट बघायची गरज नाही.

मावशीकडून त्याची फाइल मागून घे आणि जनुकीय तपासणी झाली आहे का बघ. झाली असेल तर त्यात उत्परिवर्तनाचं, म्हणजे जनुकातल्या बदलाचं, नाव असेल. भारतात सगळ्यात जास्त आढळतं ते आयव्हीएस १-५. ते जनुकात नेमकं कुठे येतं, तिथे एका अक्षराने काय बिघडतं, हे शोधून काढ. तुझा हा पहिला धडा कुठल्याही कोर्सआधी सुरू होऊ शकतो. त्याला सख्खी बहीण किंवा भाऊ असेल तर एचएलए जुळणी, म्हणजे प्रत्यारोपणासाठी दोघांच्या पेशी जुळतात का याची तपासणी, केली आहे का, हे मावशीला डॉक्टरांना विचारायला सांग. जुळणारा सख्खा दाता असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा आजचा, प्रत्यक्षात असलेला उपचार आहे, आणि सतत रक्त चढवल्याने शरीरात लोह साचून यकृत-हृदयाचं नुकसान होण्याआधी तो केलेला चांगला. थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, कोल इंडियाच्या निधीतून, अशा प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. पात्रतेच्या अटी डॉक्टरांकडून समजून घ्या. अनेक पालकांपर्यंत हे पोचतच नाही.

आणि तू स्वतः तपासणी करून घे. हा आजार आई-वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे ते सदोष जनुक असेल, तेव्हाच मुलात येतो. मावशी वाहक आहे म्हणजे तुझी आई वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तू असण्याची पाव. एचपीएलसी नावाची रक्ताची साधी तपासणी असते, त्यात एचबीए२ साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर माणूस वाहक धरतात. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली दिसून फसवू शकतो, म्हणून लोहाची तपासणीही बरोबर कर. वाहक असलीस तरी तू आजारी नाहीस आणि लग्नाला त्याची काही आडकाठी नाही. जोडीदाराची तपासणी आधी करायची एवढंच. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो आणि गर्भाची तपासणी पहिल्या तिमाहीतच करता येते. आईला आणि मामांच्या मुलांनाही सांग. हे बोलताना घरात कुणी गप्प होईल, कुणी चिडेल. मावशीला दोष लागतोय असं वाटू देऊ नकोस. हे जनुक आजी किंवा आजोबांकडून आलंय आणि त्यात कुणाची चूक नाही, हे तू शास्त्र शिकणारी मुलगी म्हणून सांगितलंस तर ऐकतील.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पावसावर अवलंबून असलेल्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार म्हणजे काय असतो ते त्यांना ठाऊक आहे. त्यांना स्वप्न सांगण्याऐवजी हिशोब दाखव. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. ही फेलोशिप कधी कधी उशिरा येते, हेही लपवू नकोस. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. नुसत्या एमएस्सीवर डायग्नॉस्टिक लॅबमध्ये किंवा लसकंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी मिळते, सुरुवातीचा पगार मात्र बेताचा असतो. सरकारी फीची एमएस्सी अशी आहे की जेआरएफ नाही मिळाली तरी डोक्यावर कर्ज नसेल आणि बी.एड. तेव्हाही करता येईल. सव्वातीन लाखांच्या कोर्सनंतर ही मुभा राहत नाही. बाबांना हा फरक नक्की कळेल.

आता लॅबमध्ये शिरायचं कसं. संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तीन-चार शास्त्रज्ञ निवड, प्रत्येकाचा अलीकडचा एक शोधनिबंध वाच, अर्धा कळला तरी चालेल. मग प्रत्येकाला वेगळी मेल लिही. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवलेला त्यांना पहिल्या ओळीत कळतो. 'आदरणीय सर, मला संशोधनाची प्रचंड आवड आहे' असं लिहू नकोस. निबंधातली कोणती आकृती तुला कळली आणि कोणती नाही, तुला हाताने काय काय करता येतं, कोणत्या तारखेपासून किती महिने येऊ शकतेस आणि विद्यावेतनाशिवाय येणं परवडेल का, एवढं दहा ओळींत लिही. शेवटच्या मुद्द्यावर खोटं बोलू नकोस. परवडणार नसेल तर तसं लिही, काही लॅबमध्ये प्रकल्पाच्या निधीतून थोडीफार सोय होते. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, तरीही नाही आलं तर पुढचं नाव. उन्हाळ्यातल्या जागा हिवाळ्यातच भरतात, त्यामुळे पहिली मेल याच महिन्यात जाऊ दे.